पालेठाणचा निकाल

मी वर्तमानपत्र वाचतो. यात विशेष ते काय, असे शहरातल्या माणसाला वाटेल. पण मी ते पगारावर वाचतो, मोठ्याने वाचतो, आणि माझे वाचून झाले की माणसे माझ्याशी भांडतात. भोरच्या पेठेत आमचे लहानसे वाचनालय आहे. आठवड्याच्या बाजाराला उत्रोली, भोंगवली, कधी कधी थेट राजगडाखालच्या गुंजवण्यापासून माणसे येतात. त्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नाही, पण जगात काय चालले आहे याची भूक त्यांना पुण्याच्या पदवीधराइतकीच असते. म्हणून ओट्यावर बसून बातम्या सांगणारा एक वाचक वाचनालयाने ठेवला आहे. तो मी.

माझ्या आधी या जागेवर एक वयस्क गृहस्थ होते. आवाज देवळातल्या घंटेसारखा. पण कुणा बड्या माणसाला झोंबेल अशी बातमी आली की नेमका त्या दिवशी त्यांचा आवाज बसायचा. गळ्याला उपरणे गुंडाळून, ज्येष्ठमधाची काडी चघळत ते ओट्यावर बसून राहायचे आणि हातानेच ‘आज जमत नाही’ म्हणायचे. ही गोष्ट मी ओट्यावर नक्कल करून सांगत असे, आणि बाजार हसत असे. मी पुराणांवर नव्हे, पत्रकांवर वाढलेला माणूस. मामांच्या माळ्यावर दारूबंदी, स्वदेशी, स्त्रीशिक्षण, अस्पृश्यतानिवारण अशा विषयांवरच्या चारपानी पत्रकांचे गठ्ठे होते. मुळाक्षरे मी त्यांवरच गिरवली. त्यामुळे माझी दोन वाक्ये झाली की तिसऱ्यात ‘बंधूंनो’ येते. कामावर रुजू होताना मी वाचनालयाच्या चिटणीसांना बजावले, "आलेली बातमी मी गाळणार नाही, बदलणार नाही, आणि माझा आवाज बसत नाही."

चिटणीस म्हणाले, "चला, ज्येष्ठमधाचा खर्च वाचला."

या धंद्याच्या काही खुबी आहेत. सुरुवात भाताच्या भावाने करावी. मग बिबट्या, सर्पदंश, नदीत उलटलेली गाडी, मग सरकारी हुकूम, आणि जग सगळ्यांत शेवटी, कारण तोवर माणसांचा माल विकून झालेला असतो आणि मन मोकळे असते. इंग्रजी पेपरातले वाक्य वरंध्याच्या घाटासारखे असते. ऐकणारा दुसऱ्या वळणावर गाडीतून उतरतो. म्हणून एका वाक्याची पाच करावी लागतात. ‘पुष्कळ लोक जमले’ म्हटले की ‘पुष्कळ म्हंजी किती’ असे विचारतात, आणि आकडा सांगितला की कुणी विश्वास ठेवत नाही.

गिऱ्हाइकेही एकेक. भोंगवलीची एक आजी दर बाजारी येते आणि विचारते, "माझ्या नामदेवाचं काय आलंय का?" मी पहिल्यांदा म्हणालो, "आजी, हा पेपर आहे, टपाल नव्हे." ती म्हणाली, "मुंबईचाच पेपर हाय ना? मग नामदेव बी मुंबईतच हाय की." आता मी सगळी पाने उलटून तिला सांगतो, "नाव नाही आलेले, म्हणजे खुशाल आहे." ती समाधानाने मिठाच्या दुकानाकडे जाते. पेपरात नाव न येण्यासारखे सुख नाही, हे मला तिच्यामुळे कळले.

पण मला सांगायची आहे ती हकिकत वेगळी आहे. तिच्यापायी उत्रोलीचे एक खाचर दोन वर्षे झाली पॅलेस्टाईनला बांधलेले आहे.

तिकडे अरबांनी मोठा संप केला होता आणि इंग्रज सरकारने चौकशीला कमिशन नेमले होते, त्या दिवसांतली गोष्ट. इंग्रजी पेपरात ‘नॅशनल होम’ असा शब्द होता. मी अडलो. ‘राष्ट्रीय घर’ म्हणावे तर लोकांना धर्मशाळा वाटेल. ‘मायभूमी’ म्हणावे तर ती दोघेही आपली म्हणतात, तंटा तोच. शेवटी मी वाचले, "इंग्रज सरकारने ज्यू लोकांना पॅलेस्टाईनात वतन द्यायचे कबूल केले आहे. तिथले अरब म्हणतात, ही जमीन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो आहोत, तुम्ही परस्पर वतन देणारे कोण?"

माणसे पाट्या टाकून ओट्याशी सरकली. जगाच्या बातमीला असे कधी होत नसे. पण वतन हा शब्द आमच्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. वतनापायी भावाभावांची डोकी फुटलेली इथल्या प्रत्येकाने पाहिलेली आहेत. नंतर चिटणीसांनी मला शब्द चुकल्याचे सांगितले. मी आजही म्हणतो, तो बरोबर होता. वतन वरून मिळते, त्याला सनद लागते, आणि देणारा ते फुकट देत नाही, चाकरी मागतो. इतके सगळे सांगणारा दुसरा शब्द कुणाकडे असेल तर त्याने मला कळवावा.

समोर उत्रोलीच्या राधाक्का पोह्यांची पाटी घेऊन बसल्या होत्या. नवरा मागेच वारला. दोन बैल आणि एक भातखाचर यांवर संसार ओढणारी बाई. त्यांनी विचारले, "मास्तर, ह्ये पालेठाण कुठं आलं? पालीच्या अंगाला का?"

पाली म्हणजे घाटाखालची, आमच्याच संस्थानातली.

"नाही आक्का. समुद्रापलीकडे."

"मग तिथल्या वतनाची सनद साहेबानं कशी काय दिली? त्येच्या बापाचं हाय व्हय पालेठाण?"

लोक हसले. मागून कुणी तरी विचारले, "आन ह्ये ज्यू आदी कुठलं?"

"मूळचे तिथलेच," मी म्हणालो. "पण फार पूर्वी परागंदा झाले. दोन हजार वर्षे झाली."

तेव्हा खांबाला टेकून उभा असलेला एक माणूस पुढे झाला. "म्हंजी मिरासदारच की त्ये," तो म्हणाला. "मिरास बुडती व्हय कदी?"

हा गेनबा. त्याचा आजा दुष्काळात उत्रोली सोडून मुंबईला गेला होता. गिरणीतून काढून टाकल्यावर गेनबा बायकोपोरांना घेऊन गावी परत आला, मारुतीच्या देवळात उतरला, आणि पिंपळाखालचे खाचर आमचे, असे म्हणू लागला. आमच्या मुलखातली जुनी समजूत अशी, की गावचा मूळ मालक, म्हणजे मिरासदार, संकटात परागंदा झाला तरी त्याचा हक्क जात नाही. नातू-पणतू परत आला तरी जमीन त्याची. मागे ज्याने ती कसली तो उपरी, मग त्याच्या कितीही पिढ्या तिथे राबोत. पिंपळाखालचे ते खाचर राधाक्कांच्या सासऱ्यांनी कसायला घेतले होते, आणि आता राधाक्कांजवळ तेवढेच होते.

आक्कांनी मागे वळून न बघता म्हटले, "दोन हजार वर्सं कुठं उलथला हुता म्हणावं मिरासदार?"

"मार खाऊन पळाला हुता, आक्का. हौसंनं न्हाई," गेनबा म्हणाला.

उत्रोलीच्या पंचांपुढे हा तंटा आधीच पडून होता. आता त्यांना वाट सापडली. पंचांतले पाटीलबाबा म्हणाले, "खटला हुबेहूब ह्योच हाय. तिथं मोठं कमिशन बसलंय. त्यांचा निकाल लागू द्या, त्योच नेम आपुन हितं लावू." दोघांनीही मान्य केले, कारण आपणच जिंकणार याची दोघांनाही खात्री होती. मी पाटलांना समजावले, की एक देश आणि एक खाचर या सारख्या गोष्टी नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, जमीन म्हंजी जमीन. तुमी निकाल तेवढा वाचा."

मग काय विचारता. अरबांनी रस्ते अडवल्याची बातमी वाचली की राधाक्का पोहे शीग लावून मोजायच्या. ज्यूंचे जहाज बंदराला लागल्याची बातमी आली की गेनबा मिशीवरून हात फिरवायचा. उत्रोलीत दोन तट पडले. एक म्हातारा मला कौतुकाने म्हणाला, "आमच्या घरात मी ज्यू, आन म्हातारी आरब. भाकरी मागाय बी भ्या वाटतं."

या भानगडीत सर्वांत हैराण झाला तो हसाजी तेली. हसाजीबाबा पालीच्या बाजूचे, बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातले मराठी ज्यू. त्यांचा तेलाचा घाणा वाचनालयाच्या मागेच आहे. शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणतात. त्या दिवशी बैलही मोकळा आणि बाबाही मोकळे, येऊन ओट्यावर बसतात. आता हा माणूस ज्यूही आणि पालीचाही. त्यामुळे तेल घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय बाबा, तुमच्या पालेठाणात काय चाललंय?" ते म्हणायचे, "काल रात्रीच जाऊन आलो. तेल अर्धा शेर देऊ का पाव?"

मी अर्थातच स्वस्थ बसलेलो नव्हतो. मी पत्रक लिहिले, ‘कसेल त्याची जमीन’. बंधूंनो, साम्राज्याने दुसऱ्याच्या ताटातली भाकरी तिसऱ्याला दान करावी, हा कुठला धर्म, अशी सुरुवात होती. बातम्या संपल्यावर, हे माझे स्वतःचे म्हणणे आहे असे सांगून, मी ते वाचले. टाळ्या पडल्या. राधाक्कांनी तर ते पुन्हा वाचायला लावले. गर्दी पांगल्यावर गेनबा जवळ आला. रागावलेला नव्हता.

"पत्रक झकास हाय मास्तर," तो म्हणाला. "फकस्त म्या कुठं जायाचं, तेवढं ल्ह्यायचं ऱ्हायलं."

त्या शनिवारी मी हसाजीबाबांना ते पत्रक वाचून दाखवले. जर्मनीत ज्यूंची दुकाने फोडतात, शिक्षकांना शाळांतून हाकलतात, या बातम्या मीच त्यांच्यासमोर वाचलेल्या होत्या. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत ऐकले.

"खरं लिहिलंयस," ते म्हणाले. "आता त्या जर्मनीतल्या माणसानं कुठं जायचं ते खाली लिही. आणि तो जिथं जाईल तिथं आधीचा बसलेला आहे, त्यानं काय करायचं तेही लिही. मग मी घाणा सोडून तुझं पत्रक वाटत फिरेन."

"तुम्ही जाल का तिकडे, बाबा?"

"देवाचं नाव घेताना तोंड तिकडं करतो. पाय हितंच असतात." मग हसून म्हणाले, "आणि मी गेलो तर या बैलाला शनिवारची सुट्टी कोण देईल? त्याची सवय मोडायची."

पत्रकाच्या खाली मी अजून काही लिहिलेले नाही. जागा मात्र सोडली आहे.

आषाढात कमिशनचा अहवाल आला. देशाचे दोन भाग करावे, असा. पुन्हा शब्दाचा प्रश्न. पण या वेळी मला अडायचे कारण नव्हते. मोजणीदार जमिनीचा एक नंबर तोडून दोन करतात त्याला आमच्याकडे फाळणी म्हणतात. मी ‘फाळणी’ वाचले आणि पाटीलबाबा तिथल्या तिथे उठले. "सुटला तिढा," ते म्हणाले. "उद्या दोरी धरू. मास्तर, पेपर घिऊन तुमी बी या."

दुसऱ्या दिवशी अख्खे उत्रोली खाचरावर जमले. दोरी ताणली गेली. वरचा तुकडा गेनबाला. त्यात पिंपळ होता, त्याच्या आजाने बसवलेला देव होता, आणि ओढ्याचे पाणी खाचरात शिरते ते तोंड होते. खालचा तुकडा मोठा, तो राधाक्कांना. दोघांनी तोंडे वाकडी केली, पण नाही म्हटले नाही. आता मध्ये बांध घालायचा. गड्याने कुदळ उचलली, तेव्हा राधाक्कांनी विचारले, "बांधाला माती कुणाच्या वाट्यातली घेताय?"

गडी थांबला.

"तुमच्या," गेनबा म्हणाला. "वाटा मोठा तुमचा हाय."

"वा रं मिरासदारा. परत आलास तू, बांध पायजे तुला, आन माती माझी? आन त्यो बांध बसणार कुणाच्या जागंवर?"

"निम्मा निम्मा बसंल."

"माझी एक पाटी बी जाणार न्हाई. सासऱ्यानं शेणखत घालून केलेली माती हाय ती."

"आन माझी माझ्या आज्याची हाय."

पाटीलबाबा माझ्याकडे वळले. "मास्तर, कमिशननं बांधाच्या मातीचं काय म्हटलंय?"

मी पेपर उलटापालटा करून पाहिला. सरहद्द कुठून न्यायची हे होते, बंदरे कुणाची, रेल्वे कुणाची हेही होते. मी सांगितले, "बांधाच्या मातीबद्दल काही नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही. शिवाय तिकडे अरबांना ही फाळणी मुळीच मान्य नाही, आणि ज्यूंचे आपसात एकमत नाही."

"मग कसलं कमिशन म्हणायचं ह्ये," पाटीलबाबा निराश होऊन म्हणाले. "एवढी शिकलेली मानसं, आन बांध कशाचा घालायचा ते ठावं न्हाई." बैठक मोडली. पक्का निकाल येईपर्यंत दोघांनीही खाचरात पाऊल टाकायचे नाही, असे ठरले.

पण भाताचे रोप कुणाच्या निकालासाठी थांबत नाही. राधाक्कांचा तरवा, म्हणजे लावणीचे रोप, वीतभर वाढून तयार होता. सगळीकडच्या लावण्या होत आल्या आणि तो पिवळा पडू लागला. दोन घरांचे वर्षाचे अन्न त्या रोपात होते.

एका सकाळी आक्कांनी बैल जुंपले आणि सरळ खाचरात घातले. उत्रोलीचा माणूस धावत पेठेत आला. मी हातातले वाचन टाकून त्याच्याबरोबर गेलो. पत्रकवाल्याने अशा वेळी हजर असलेच पाहिजे. तिथे पोहोचलो तेव्हा आक्का नांगर धरून उभ्या होत्या. चिखलणीला पाणी हवे, आणि पाण्याच्या तोंडाशी गेनबा हातात फावडे घेऊन उभा होता. पाणी त्याच्याकडे; पण त्याच्याकडे ना बैल, ना रोप. गाव कडेच्या बांधावर गोळा झाला होता.

"पानी सोड," आक्का म्हणाल्या.

"आदी म्हणा, मिरास गेनबाची."

"न्हाई म्हणणार. तू म्हण, जमीन राधीची."

"न्हाई म्हणणार."

"मग पानी सोड."

गेनबाने फावडे या हातातून त्या हातात घेतले. मला वाटते, या युक्तिवादात कुठे तरी खोट आहे हे त्याला कळत होते, पण ती सापडत नव्हती. मलाही सापडली नाही. त्याने बैलांकडे पाहिले, रोपाच्या पिवळ्या जुड्यांकडे पाहिले, आणि फावडे मारून तोंड फोडले. पाणी आत आले. दुपारपर्यंत चिखलणी झाली. मग गेनबाची बायको सखू लुगडे खोचून दुसऱ्या कडेने लावणी करत आली. दोरी अजून तिथेच ताणलेली होती; बैल तिच्या दोन्ही अंगांना वेगवेगळे फिरवले होते. दोघींच्या ओळी तिच्यापाशी येऊन भिडल्या, तेव्हा आक्का म्हणाल्या, "ही दोरी काड गं मधनं, पायात येती." सखूने ती चिखलात दाबली आणि तिच्यावर रोप लावले.

कुणी याला समेट म्हणू नये. समेट झालेला नाही. दोघांनीही आपला दावा सोडलेला नाही. भात निम्मे निम्मे झाले, पेंढ्यावरून भांडण झाले, यंदा पुन्हा तशीच लावणी झाली. गेनबाने पिंपळाशी झोपडी बांधली आहे. आक्का त्याला हाक मारतात, "ए परागंद्या, पानी फोड," आणि तो ओरडतो, "फोडतो गं उपरे."

पॅलेस्टाईनातही असेच होईल, असे मी म्हणत नाही. तिथल्या गोळीबाराच्या आणि बाँबच्या बातम्या मी दर बाजारी वाचतो, आणि त्या वाचताना आवाज ताब्यात ठेवावा लागतो. अरब शेतकरी मेला तरी आणि ज्यू मजूर मेला तरी माणूस मेला, हे ओटा जाणतो. कुठल्याच तटाला त्या दिवशी हसू येत नाही. शिवाय उत्रोलीत कुणी सनद वाटून, बंदूक घेऊन मध्ये बसलेला नव्हता. तिथे तो आहे. दुसऱ्याची जमीन परस्पर देणाऱ्याला आधी उठवा, मग बांधाचे बघू, हे माझे मत मी बदललेले नाही, आणि ते मी वाटेल त्या ओट्यावरून सांगेन.

परवा दिवाळीच्या आधीचा बाजार होता. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताचे नवे पोहे घेऊन राधाक्का आल्या होत्या, मागे गेनबा पाटी उचलायला. आक्कांनी नेहमीप्रमाणे विचारले, "लागला का पालेठाणचा निकाल?"

"नाही आक्का. फाळणी कशी करायची ते पाहायला दुसरे कमिशन गेले होते. त्याचा अहवाल यायचा आहे."

"येऊ द्या सावकाश," गेनबा घाईने म्हणाला. "मोठी मानसं हायत. नीट बगून ल्हिऊ द्या."

आक्का ओट्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, आन समजा आलाच निकाल, तर तेवढं पान गाळा."

मी ताठ बसलो. "आक्का, आलेली बातमी मी गाळत नाही. बदलतही नाही."

"व्हय, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी आणलेली पोह्यांची पुडी ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

घरी येऊन पुडी सोडली. पोह्यांत ज्येष्ठमधाची एक जाड काडी होती. ती मी परत केलेली नाही.